टोकन टाकायच्या आधी खाली विचार

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट परवडत नाही, उजळाईवाडीचा लांब पडतोय, आणि नागाळा पार्कातल्या वन बीएचकेला एजंट म्हणतोय संध्याकाळपर्यंत टोकन टाका नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे. दुसरी पार्टी कायमच तयार असते रे, माझ्या वेळीपण होती, आजपर्यंत तिचं तोंड कुणी बघितलेलं नाही.

तुला एकच सांगतो, खालच्या माणसाला विचार. तळमजल्यावर राहणारा, कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला, कुणीपण. मालकाला नको, एजंटला तर नकोच.

2019 च्या जूनमध्ये मी शाहूपुरीत तळमजला घेतला. मालक म्हणाला पाणी इथपर्यंत कधी येत नाही. ऑगस्टमध्ये पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 43. आमचा फ्रिज आडवा होऊन हॉलभर फिरत होता. चिखल काढताना समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, साहेब, 2005 लाबी आलतं की, आणि भिजलेलं कॅलेंडर बाजूला करून भिंतीवरची ऑइल पेंटची रेघ दाखवली, माझ्या कमरेएवढी. दोन महिने त्याच्याकडं शर्ट देत होतो मी. एकदा विचारलं नाही.

आता तू म्हणशील का नाही विचारलं. अरे, बदलीची ऑर्डर हातात, पोरीची शाळा चालू होणार, भाडं बरं, आणि सगळे म्हणत होते फ्लॅट जाईल. माझ्या जागी कुणीपण तेच केलं असतं. तूपण तेच करायला निघालायस म्हणून तर ओरडतोय.

कराराचं लांबड लावत नाही. लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करूनच घे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीवर भागवूया म्हणाला तर हसून नाही म्हण. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे 12 हजार भाडं धरलं तर 11 महिन्यांचे साडेतीनशेच्या आसपास, वर 1000 नोंदणी फी. एवढ्यासाठी कोण काचकूच करत असेल तर डिपॉझिट परत देताना तो काय करेल? तेपण खालीच विचार, आधीच्या भाडेकरूला डिपॉझिट पूर्ण मिळालं का, का रंगकामाच्या नावानं कापलं. वॉचमनला सगळं माहिती असतं, फक्त मालक समोर असताना विचारू नको.

आणि तो फ्लॅट नागाळा पार्कात नेमका कुठल्या अंगाला, ते तू सांगितलंच नाहीस. नदीच्या अंगाला रमणमळ्याकडं उतरतो का वरच्या बाजूला? दुसऱ्या मजल्यावर आहे म्हणून खुश होऊ नको, गाडी खालीच लावणार आहेस ना, आणि मीटर कुठं आहेत?

आज टोकन टाकू नको. रविवारी मी मोकळा आहे, येतो. तू एजंटबरोबर वर जाऊन किचन बघ, मी खाली इस्त्रीवाला शोधतो.