मोठ्या प्लॅटफॉर्मने आमचं फीचर उचललं, केस होईल का?

नमस्कार, तुमचं पत्र वाचलं. किराणा दुकानदारांसाठी तुमचं उधारीचं ॲप, दुकानदार बोलतो आणि खात्यावर नोंद पडते. एका मोठ्या पेमेंट प्लॅटफॉर्मच्या पार्टनरशिप टीमने मीटिंगा घेतल्या, डेमो बघितला, बोलीभाषेतल्या शब्दांची अख्खी यादी एक्सेलमध्ये मागवली, मग फोन उचलणं बंद, आणि पाच महिन्यांनी तेच फीचर त्यांच्या ॲपमध्ये. संताप येणारच, आणि तो रास्त आहे.

पण आधी नको असलेलं सांगतो. "बोलून उधारी लिहा" या नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. कॉपीराइट तुमच्या कोडला, मजकुराला मिळतो, कल्पनेला नाही, सुप्रीम कोर्टाने 1978 मध्येच आर. जी. आनंद केसमध्ये हे स्पष्ट केलंय. पेटंटचं विचारलंय, तर पेटंट कायद्याच्या कलम 3(के)खाली निव्वळ सॉफ्टवेअरला आणि बिझनेस मेथडला ते मिळत नाही, शिवाय तुमचं ॲप वर्षभर सगळ्यांसमोर आहे, म्हणजे ते आता नवंही राहिलेलं नाही. स्नॅपचॅटने 2013 मध्ये आणलेल्या स्टोरीज 2016 मध्ये इन्स्टाग्रामने घेतल्या, श्रेय स्नॅपचॅटचं हेही उघड मान्य केलं, आणि तरी त्या आजही तिथेच आहेत.

तुमची खरी केस त्या एक्सेलमध्ये आहे. ती यादी प्ले स्टोअरवर कुणाला दिसत नव्हती, तुम्ही ती विश्वासाने दिली आणि मेलमध्ये "गोपनीय" असं लिहिलंत, हे फार बरं केलंत. एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा लेखी करार, नसला तरी विश्वासभंगाचा दावा करता येतो. झी विरुद्ध संडायल केसमध्ये संडायलने मालिकेची कन्सेप्ट झी चॅनेलला ऐकवली होती, चॅनेलने नंतर तशीच मालिका काढली, तर मुंबई हायकोर्टाने 2003 मध्ये मनाई हुकूम कायम ठेवला. आणि तुमच्या यादीत "शेंगदाणे"चं "शेंगदाने" झालं होतं, तीच चूक त्यांच्या ॲपमध्ये उमटते असं तुम्ही लिहिलंय, हा पुरावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यांनी अपडेट टाकायच्या आत आजच स्क्रीन रेकॉर्डिंग करा, तो फोन जपून ठेवा, कोर्टात अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागेल.

एक धोका आहे. पार्टनर पोर्टलवर तुम्ही "आय ॲग्री" दाबलं असणार, त्यात "तुम्ही दिलेला फीडबॅक आम्ही मुक्तपणे वापरू" असं कलम बऱ्याचदा असतं, आणि वाद कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायचं कलमही. ते मला आधी बघू दे.

सीसीआयकडे, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाकडे, जायचं तर नुसती नक्कल पुरत नाही, कंपनीचं बाजारात वर्चस्व आहे आणि तिने त्याचा गैरवापर केला हे स्पर्धा कायद्याच्या कलम 4 खाली दाखवावं लागतं, 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटींचा दंड झाला तो अशाच गैरवापरासाठी. तिथे तक्रार (कायद्याच्या भाषेत "माहिती") दाखल करायला तीन वर्षं आहेत, त्यामुळे तो दरवाजा उघडा आहे, पण मनाई हुकूम हवा असेल तर उशीर तुमच्याच विरोधात जातो, आणि तातडी दिसली नाही तर कमर्शियल कोर्टात आधी मध्यस्थीला जावं लागतं.

लिंक्डइनवर पोस्ट टाकू का विचारलंत, तर अजिबात नको, उलट बदनामीचा दावा ओढवून घ्याल आणि यादीचे तपशील तुम्हीच जगजाहीर कराल. त्यांच्या टीमला आता फोनही करू नका, काय बोलायचं ते मेलवरच. मेलचा सगळा धागा आणि पोर्टलच्या अटी पाठवा, नोटीस या आठवड्यातच काढू.