बांधकामावर नवीन लागलोय. पाणी भरपूर पितो, तरी दुपारी चक्कर येते. काय चुकतंय?

पाण्यापेक्षा मला तुमच्या ‘नवीन लागलोय’ या शब्दांची जास्त काळजी वाटते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जातं आणि हृदयावरचा ताण उतरतो. उन्हाने माणसं दगावतात ती बहुतेक या पहिल्या दिवसांतच. म्हणून पहिल्या दिवशी उन्हातलं काम नेहमीच्या पाचव्या हिश्शाएवढंच ठेवा, मग रोज तेवढंच वाढवा. मुकादमाला हे स्पष्ट सांगा, यात कमीपणा नाही. मोठी सुट्टी झाली की सवय मोडते, तेव्हा पुन्हा हळूहळू सुरुवात करा.

पाणी तहानेची वाट न पाहता दर 15-20 मिनिटांनी पेलाभर प्या. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, रक्तातलं मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. तासन्‌तास घाम गाळत असाल तर जेवण चुकवू नका, मीठ त्यातूनच भरून निघतं. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही. अशा दिवशी सावलीतली विश्रांती वाढवा.

चक्कर आली की काम तिथेच थांबवा. आणि सोबतचा कुणी असंबद्ध बोलू लागला, भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजा. रुग्णवाहिका बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.