आधी खातं विचार

प्रिय चि.,
अनेक आशीर्वाद.

गिरणी कामगारांवरच्या तुझ्या प्रदर्शनाचं टिपण वाचलं. दोन पानांत ‘शोषण’ सात वेळा आलंय आणि पणजोबा एकदाच, तेही नुसते ‘कामगार’ म्हणून. गिरणीच्या कुठल्या खात्यात, म्हणजे विभागात, होते ते? सूत कातायच्या रिंगमध्ये, कापूस पिंजायच्या ब्लो रूममध्ये, की साच्यावर, म्हणजे मागावर? गिरणगावात माणसाची ओळख गाव आणि चाळ झाली की खात्यानेच व्हायची. जातही बरेचदा तिथेच कळायची.

शेवटी तू सहज लिहिलंयस की गावच्या पोटमाळ्यावर त्यांचा धोटा सापडला, मागावर आडवा धागा नेणारा तो लाकडी तुकडा. म्हणजे साचेखातं, कापड विणायचं. धोट्याच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते बघ. त्याला तोंड लावून आतल्या कांडीवरचा धागा ओढून घ्यायचा. कांडी संपली की पुन्हा तेच. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळाचं कारण सांगून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात शिरू देत नसत. मजुरी बरी तिथेच मिळे. यांच्या वाट्याला रिंगसारखी कमी पैशांची खाती. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. गंमत बघ, गिरणीमालकाविरुद्ध एकत्र उभे राहिलेलेच इथे दार अडवून उभे होते.

तुझे पणजोबा दाराच्या आत होते. हे टिपणात कुठेच नाही.

१९८२चा संप दाखवच. १८ जानेवारी, सुमारे अडीच लाख माणसं, आजोबांची गेलेली नोकरी, आजीने चालवलेली खानावळ, सगळं असू दे. पण त्या भिंतीसमोर एका मेजावर धोटा ठेव, एकटा, आणि भोकावर दिवा सोड. खाली चार ओळी: कुणाचा, कुठलं खातं, धागा कसा ओढत, कुणाला हात लावू देत नसत. विशेषणं नकोत.

फ्रेड विल्सन या कलावंताने १९९२ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका संग्रहालयात हेच केलं होतं. मेरीलँडच्या इतिहासाचं ते संग्रहालय. त्याने त्यांच्याच कोठारातली नक्षीदार चांदीची भांडी एका कपाटात मांडली आणि मधोमध गुलामांच्या बेड्या ठेवल्या. पाटी काय? ‘धातुकाम, १७९३–१८८०’. बस्स. बेड्या तिथल्याच, भांडीही तिथलीच. आजवर कुणी शेजारी ठेवली नव्हती एवढंच.

आता माझी चूक सांगतो. तुझ्या वयाचा असताना मी मामाचा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘संपाचा बळी’. उद्घाटनाला मामा नवा शर्ट घालून आला. पाटी वाचली, चहा घेतला, निघून गेला. नंतर मामी म्हणाली, “ते म्हनत होते, मी अजून मेलो नाय.” संपानंतर त्याने भाजीची गाडी लावली, दोन्ही मुली शिकवल्या. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या पाटीला ते सोयीचं नव्हतं.

म्हणून छापायला टाकण्याआधी सगळ्या पाट्या आजीला मोठ्याने वाचून दाखव. खानावळीबद्दल ती ‘नको’ म्हणाली तर तो फोटो काढ. तो तिचा आहे. धोट्याचं मात्र वेगळं. आत्या म्हणेलच, “आता हे उकरायची काय गरज?” तिचं ऐकून घे, चहा पी, आणि धोटा मेजावरच ठेव. हा हिशेब तुमच्या घराबाहेरच्यांशीही आहे, आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. जमलं तर रिंगखात्यातल्या एखाद्या घराकडे जा. फोटो मागायला नको, आधी नुसतं बसायला जा.

भिंतीचा रंग, फ्रेमा वगैरे नंतर बोलू. ते फार अवघड नसतं.

तुझा,
काका

ता.क. धोट्याला तेल किंवा पॉलिश लावू नकोस. भोकाजवळ लाकूड काळं पडलं असेल, तर तसंच राहू दे.