नवीन सर्व्हरवर वेबसाइट हलवण्याआधी काय काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की नवा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय, सगळं बसवून झालंय, सोमवारी वेबसाइट त्यावर हलवायची आहे, तर सर्व्हर तयार आहे हे कसं ओळखावं आणि लोड टेस्टिंगला (साइट किती गर्दी पेलते ते बघायला) कुठलं टूल वापरावं. टूलचं शेवटी सांगते. आधी मला सांगा, तुमच्या बॅकअपमधून तुम्ही आजवर एकदा तरी वेबसाइट परत उभी करून पाहिली आहे का? नसेल तर सोमवार विसरा.

हे मी एवढं ठासून का म्हणते ते ऐका. २०१९ मध्ये मी एका छोट्या वेब कंपनीत नोकरीला होते. तालुक्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय आमचं गिऱ्हाईक होतं. त्यांची ग्रंथसूची ऑनलाइन होती, एकतीस हजारांवर पुस्तकं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, सगळं तिथल्या ग्रंथपाल ताईंनी आणि त्यांच्या मदतनिसाने चार वर्षं बसून टाइप केलेलं. वाचनालय दुपारी बंद असायचं, ती वेळ त्यांनी यात घातली. त्याचे जादा पैसे त्यांना कुणी दिले नव्हते.

जुना सर्व्हर रडतखडत चालायचा म्हणून नवा घेतला. मी म्हटलं, बॅकअप आधी दुसऱ्या मशिनवर चढवून बघू, आणि जुना सर्व्हर अजून महिनाभर राहू दे. आमचे सर म्हणाले, "बॅकअप रोज होतो, रोज मेल येतो. अजून काय बघायचंय? आणि महिन्याचे सातशे रुपये कोण भरणार, तू?" नोकरीला लागून चारच महिने झाले होते. मी गप्प बसले.

रात्रीच्या बॅकअपची फाइल नव्या सर्व्हरवर चढवली. सरांनी पहिलं पान उघडलं, ब्राउझरमध्ये सुरक्षित जोडणीचं कुलपाचं चिन्ह दिसलं, मोबाइलवरही पान नीट आलं. त्याच संध्याकाळी जुन्याची मुदत संपत होती, तो बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन: "अहो, मराठी पुस्तकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत."

झालं असं होतं की बॅकअपची स्क्रिप्ट कुठल्या तरी जुन्या इंग्रजी साइटवरून तशीच उचललेली होती आणि तिच्यात अक्षरसंचाच्या जागी 'लॅटिन-१' लिहिलेलं होतं, म्हणजे फक्त रोमन लिपीच्या अक्षरांचा संच. डेटाबेसमधला मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीत, व्यवस्थित होता, त्यामुळे साइट चालू असताना कुणाला काही दिसलं नाही. पण बॅकअप घेताना मायएसक्यूएल (साइटचं डेटाबेस सॉफ्टवेअर) प्रत्येक अक्षर लॅटिन-१ मध्ये बसवायला जायचं, देवनागरी त्यात बसतच नाही, मग तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. काना-मात्रेलासुद्धा वेगळं. 'वाचनालय' या शब्दाची सात प्रश्नचिन्हं झाली होती. आकडे सगळे शाबूत, किंमत बरोबर, तारीख बरोबर, इंग्रजी पुस्तकांची नावंही जशीच्या तशी. फक्त मराठी तेवढं पुसलेलं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेली रोमन अक्षरं दिसली असती तर मी घाबरले नसते. तो मजकूर दुहेरी एन्कोड झालेला, म्हणजे चुकून दोनदा रूपांतरित झालेला असतो, बऱ्याचदा उलट फिरवून परत मिळतो. प्रश्नचिन्हातून काहीही परत येत नाही. मागचे सगळे बॅकअप उघडले, सगळे तसेच. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि प्रश्नचिन्ह एकच, म्हणजे ती फाइल असायला हवी त्यापेक्षा कितीतरी लहान होती. तीन वर्षं रोज मेल येत होता, 'बॅकअप पूर्ण'. आत काय आहे हे कुणी उघडून पाहिलं नव्हतं. जुन्या होस्टिंगवाल्यांना विचारलं तर सर्व्हर पुसला गेला होता.

वाचवलं ते शाईने लिहिलेल्या दाखल नोंदवह्यांनी. दाखल क्रमांक शिल्लक होते, म्हणून क्रमांक बघायचा आणि वहीतून नाव परत टाइप करायचं. मी अकरा रविवार तिथे जाऊन बसले. ताई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. सरांनी मात्र वाचनालयाच्या कार्यकारिणीला सांगितलं की दोष जुन्या सॉफ्टवेअरचा होता. तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. सातशे रुपये वाचवायचे होते आणि तासभर बॅकअप तपासायचा नव्हता, एवढंच कारण होतं. मी हे तेव्हा त्या खोलीत म्हणायला हवं होतं.

'रोज मेल येतो' हा मुद्दा मला आजही लोक ऐकवतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनियरकडून चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांच्या बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयींपैकी एकही भरवशाची निघाली नाही. बॅकअप फसत होता आणि तो फसल्याचे मेलच पोचत नव्हते. सहा तासांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होतं, तर आपल्या गावातल्या साइटचं मेलवर विसंबून कसं चालेल?

आता तुमच्याबद्दल. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा. तिथला टीटीएल (तो पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा) ८६४०० असेल तर दोन दिवस आधी ३०० वर आणा. डीएनएसला हात लावण्याआधी स्वतःच्या कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (कॉम्प्युटर साइटचा पत्ता आधी तिथे बघतो) नव्या सर्व्हरचा आयपी पत्ता टाकून पूर्ण साइट फिरून बघा. शोध, फॉर्म, लॉगिन, पीडीएफ, सगळं. पहिलं पान बघून उठू नका. (तपासून झालं की ती ओळ काढा.) मग सर्व्हर रीबूट करा. डेटाबेस आणि वेब सर्व्हर आपणहून उठले नाहीत तर ते आजच कळू दे. मायएसक्यूएलमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' असेल तर मराठी बसेल, पण इमोजी बसणार नाहीत, 'यूटीएफ८एमबी४' च ठेवा. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर रात्री दोनला लावलेलं काम आपल्याकडे सकाळी साडेसातला चालेल, ऐन वर्दळीत. फायरवॉल चालू करण्याआधी त्यात एसएसएचचं (दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचं) दार उघडं ठेवा, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. आणि जुन्या सर्व्हरचं पुढच्या महिन्याचं भाडं आजच भरून टाका. ऑफिसात कुणी नको म्हणालं तर माझं हे उत्तर दाखवा.

लोड टेस्टिंगला तुमच्या आकाराच्या साइटसाठी अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरबरोबर येणारं 'एबी' पुरेल. फक्त ते त्याच सर्व्हरवरून चालवू नका, दुसऱ्या मशिनवरून चालवा. साइट मेमरी नाहीतर डिस्क भरल्यानेही पडतात, त्यामुळे टेस्ट चालू असताना त्या दोन्हींवर डोळा ठेवा.

हो, तुमच्या साइटवर ऑर्डरी किंवा ऑनलाइन पैसे येत असतील तर वरचं पुरेसं नाही. डीएनएस बदलत असताना काही लोक जुन्यावर आणि काही नव्यावर पोचतात, नोंदी दोन्हीकडे विखुरतात. तेवढा वेळ जुन्या साइटवर 'काम चालू आहे' ची पाटी लावा, ताजा बॅकअप घ्या, आणि तो उघडून एखादं मराठी नाव वाचून बघा.