वजन जास्त, तरी पाठ मातीला कशी?

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा, वजन ७० किलो, रोज तालमीत जातो. परवा जत्रेच्या मैदानात ६२ किलोच्या पोरानं त्याला चितपट केलं. वस्ताद म्हणतात, "ताठ उभा राहतोस, म्हणून पडतोस." वजन जास्त असताना पडतो कसा?
— एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : वस्तादांचं निदान बरोबर आहे. मी त्यात फक्त आकडे घालतो.

माणूस कलंडायला किती रेटा लागतो, हे तीन गोष्टींवर ठरतं : वजन, रेटा जमिनीपासून किती उंचीवर बसतो, आणि वजनाची उभी रेषा पावलांच्या कडेपासून किती आत पडते. तुमचा मुलगा ताठ उभा आहे, पावलं जवळ आहेत, कड १५ सेंटिमीटरवर आहे आणि १३० सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे छातीला, बाजूनं रेटा बसला असं धरू. ७० गुणिले १५ भागिले १३०, म्हणजे जेमतेम आठ किलोचा जोर. आता समोरचा ६२ किलोचा पोरगा पाय फाकवून, गुडघ्यात वाकून उभा आहे. कड ४० सेंटिमीटरवर, छाती ९० वर आलेली. त्याला कलंडवायला ६२ गुणिले ४० भागिले ९०, म्हणजे साडेसत्तावीस किलोंचा जोर हवा. आठ किलो जादा वजनाचा फायदा कुठं गेला, ते दिसलं ना?

वजनाला किंमत नाही असं मात्र समजू नका. किंमत आहे म्हणून तर वजनगट आहेत. आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, ते ५७ किलोच्या गटात.

नुसते पाय फाकवले की काम झालं, असंही नाही. नवशिकी पोरं इथंच फसतात. दोन्ही पावलं एका रेघेत ठेवली तर बाजूनं हलणार नाही, पण पुढंमागं आधार फक्त पावलाच्या लांबीचा. शिडी उघड्यावर उभी करून बघा, रुंदीच्या बाजूला दम धरते आणि दुसऱ्या बाजूला बोट लावलं तरी जाते. म्हणून पवित्र्यात एक पाय पुढं, एक मागं. तरीही पावलांना जोडणाऱ्या रेघेला काटकोनात एक कच्ची दिशा उरतेच. मुरलेला पैलवान खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, मान दाबतो, हात ओढतो, ते ही दिशा चाचपायला. एकेरी पट या डावात तर एक पायच उचलला जातो, मग आधार राहिला एका पावलापुरता.

धोबीपछाड, म्हणजे पाठीवरून फेकायचा डाव, त्याचं गणित आणखी गमतीचं. हात खांद्यावरून ओढून स्वतःची कंबर समोरच्याच्या कमरेखाली घातली, की त्याचा गुरुत्वमध्य तुमच्या पाठीवर येतो. मग उचलायचं थोडं, फिरवायचं जास्त. समोरचा त्वेषानं अंगावर आला असेल तर आणखी सोपं, कारण त्याचा वेग आयताच मिळतो. जड पोरांनी म्हणूनच धावून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

घरी मुलाला पवित्र्यात उभं करून त्या कच्च्या दिशेनं तळहातानं हळू ढकला. पाऊल कधी उचलतो, ते त्यालाच कळू दे. (खाली गादी घाला.)

प्रश्न : शाहू स्टेडियमवर फ्री किकचा चेंडू खेळाडूंच्या भिंतीला वळसा घालून गोलात जातो. वारा नसतानाही?
— एक फुटबॉलवेडा, मंगळवार पेठ

उत्तर : वारा नको, फिरकी हवी. चेंडूच्या उजव्या अंगाला बूट घासून मारला की तो फिरत जातो आणि हवेला उजवीकडं ढकलतो. हवा त्याला उलट, डावीकडं ढकलते. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. १९९७ साली फ्रान्सविरुद्ध रॉबर्तो कार्लोसनं सुमारे ३५ मीटरवरून मारलेला गोल असाच, आधी भिंतीच्या उजवीकडून बाहेर, मग डावीकडं वळून खांबाला लागून आत. पावसात चेंडू ओला झाला की बूट घसरतो आणि फिरकी कमी बसते. तेव्हा वळवण्याच्या नादी न लागता सरळ, जमिनीलगत मारा.