जुन्या जीपची फोर बाय फोरची दांडी डांबरीवर आल्यावर निघतच नाही. गिअरबॉक्स गेला का?

नसावा. तुम्ही लिहिलंय की पांदणीतून शेतापर्यंत फोर व्हीलमध्ये, म्हणजे दांडी टाकून चारही चाकांना इंजिनाचा जोर देत गेलात, येताना तशीच डांबरीवरून दहा किलोमीटर आणलीत, वळणावर गाडी अडखळत होती आणि दारात आल्यावर दांडी हलेना. माझ्याही जीपनं हे नखरे करून झालेत.

आधी दांडी सोडवा. मोकळ्या जागी स्टेअरिंग सरळ धरून आठ-दहा फूट रिव्हर्स घ्या. गाडी हळू सरकत असतानाच क्लच दाबा आणि दांडी टू व्हीलकडे (फक्त मागच्या चाकांना जोर) ओढा. बहुतेक वेळा टक्कन निघते. नाहीच निघाली तर पुढची चाकं मुरमाड कच्च्यात उतरवून पुन्हा करा. तरीही नाही, तर मागच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा आणि जॅकवर पुढचं एक चाक उचला. उचललं की ते कधी कधी आपोआप गर्रकन फिरतं, म्हणून हात लांब ठेवा. दांडीला पाइप घालून हिसके तेवढे देऊ नका, दांडीनं सरकणारा आतला काटा (फोर्क) वाकला की मिस्त्रीचं घर गाठावं लागतं.

हे होतं कशानं? उसाची ट्रॉली चौकात वळताना बघा. ट्रॅक्टर लांबून वळसा घेतो आणि ट्रॉलीचं चाक आतून कोपरा कापतं. तुमच्या जीपचंही तेच. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर काटायचं असतं. टू व्हीलमध्ये पुढची चाकं मोकळी असतात, भांडण नाही. फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे) एकाच वेगानं फिरायला बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरून हिशोब जुळवून घेतं. डांबर घसरू देत नाही, मग तो ताण शाफ्टात आणि दातांत पीळ होऊन साठतो आणि दांडीला धरून ठेवतो. रिव्हर्सला तो पीळ उलगडतो. ट्रॅक्टरला तर पुढची चाकं मुद्दाम किंचित जोरात फिरणारी ठेवलेली असतात, वावरात ओढ चांगली लागावी म्हणून. तोच ट्रॅक्टर फोर व्हीलमध्ये सडकेनं पळवला की पुढचे टायर घासून जातात.

म्हणून डांबर लागायच्या आधी, कच्च्यातच, दांडी काढायची. आणि लावायची गाऱ्यात शिरायच्या आधी. आमच्याकडची मंडळी नेमकं उलटं करतात: गाडी बुडापर्यंत रुतली, चाक गरगर फिरून खड्डा पडला, की मग दांडीची आठवण. चाक फिरत असताना दांडी मारली तर दात खरडतात.

माझी फजिती सांगतो. आमचा आखाडा, म्हणजे शेतावरचं ठाणं, गंगाखेडकडं, गोदेकाठच्या काळ्या रानात. पहिल्या पावसाळ्यात मी ऐटीत दांडी टाकली आणि ओढ्याच्या उताराला फसलो. मागची दोन्ही चाकं फिरताहेत, पुढची ढिम्म. उतरून बघतो तर डाव्या चाकाचा हब लॉक केला होता, उजवा विसरलो होतो. बऱ्याच जुन्या जीपला पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हाताने फिरवायचा हब असतो; तो लॉक केला तरच ते चाक एक्सलला जोडलं जातं. एक जरी मोकळा राहिला तरी डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारे गिअर) सगळा जोर त्याच मोकळ्या बाजूला सोडून देतं. तो हब आता चिखलाच्या खाली. गुडघाभर गाऱ्यात बसून बोटांनी चिखल उकरला, पान्ह्याने तो फिरवला, तेव्हा गाडी निघाली. तेव्हापासून आभाळ भरलं की घरूनच दोन्ही हब लॉक करून निघतो. हब लॉक असले आणि दांडी टू व्हीलमध्ये असली तर डांबरीवर बिघडत काहीच नाही, डिझेल थोडं जास्त जातं इतकंच.

फोर व्हीलमध्ये हाय (नेहमीचा वेग) की लो (वेग कमी, जोर जास्त)? पांदणीला हाय, दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, मध्ये थांबायचं नाही. हायची दांडी सरळ रस्त्यावर हळू चालत्या गाडीत पडते. लोसाठी मात्र गाडी जवळजवळ थांबवा, क्लच पूर्ण दाबा. लोमध्ये जोर गाडीप्रमाणे दोन-अडीच पट होतो, वेग तितकाच मरतो. लो लागते ती एखादी फसलेली ट्रॉली ओढायला किंवा बालाघाटातला खडा उतार ब्रेक न दाबता पहिल्या गिअरमध्ये उतरायला. निसरड्या काळ्या मातीत मात्र लोमधला पहिला गिअर चाकं जागेवरच गरगर फिरवतो.

आणि काळ्या मातीपुढं फोर व्हीलचाही इलाज एका हद्दीपर्यंतच. ओली झाली की ती टायरच्या खाचांत बसते आणि टायर लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. मग चार काय, आठ चाकं फिरली तरी गाडी आडवीच जाते. खाचा खोल असलेले टायर घ्या, आणि पाऊस नुकताच थांबला असेल तर आखाड्यावर चहा घेऊन तासभर काढा.

उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन-चार किलोमीटर फोर व्हील चालवा, पुढच्या एक्सलला तेल फिरतं. आणि रिव्हर्स घेऊनही दांडी निघाली नाही तर इथं कळवा, मग लिंकेज (दांडीपासून आतल्या गिअरपर्यंतची जोडणी) बघावं लागेल.