ज्युरीचं समन्स आलंय? जरूर जा

अगं, समन्स बघून घाबरू नकोस. तुझ्यावर खटला नाही. अमेरिकेची नागरिक झालीस म्हणून ज्युरीत, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, बसायचं बोलावणं आलंय. (ग्रीन कार्डवर असतीस तर तसं लिहून कळवायचं असतं, ज्युरीत फक्त नागरिक बसतात.) फॉर्म आजच भर.

अर्धा तास आधी पोच. दारात विमानतळासारखी तपासणी असते. माझ्या पर्समधली छोटी कात्री तिथेच काढून घेतली. मग बराच वेळ नुसतं बसणं. स्वेटर ने.

खरं महत्त्वाचं पुढे आहे. निवड करताना वकील प्रश्न विचारतात, तेव्हा मनातलं सरळ सांग. उच्चारांची लाज बाळगू नकोस, समजलं नाही तर पुन्हा विचार. आमच्या खटल्यात माझ्या एका बाजूला निवृत्त बसचालक, दुसऱ्या बाजूला कॉलेजचा पोरगा. आरोपी आमच्याकडे बघत होता, ते डोळे मी अजून विसरलेले नाही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्या ज्युरींचं एकमत लागतं, २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून प्रत्येक राज्यात. म्हणून बाकीचे घरी जायच्या घाईत असले तरी पटल्याशिवाय मान डोलावू नकोस. आणि खटला संपेपर्यंत नवऱ्याजवळसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, गूगलवर शोधायचंही नाही.